दुर्दैव कोणाचं?

शब्दांवरून भांडणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. एक, शब्द लागला म्हणून भांडणारा. आणि दुसरा, शब्द चुकला म्हणून भांडणारा. पहिल्याची समजूत चहाच्या एका कपावर निघते. दुसऱ्याची निघत नाही, कारण समोर कप आला तरी तो 'चहा पिणे' बरोबर की 'चहा घेणे' याचा विचार करीत बसतो आणि चहाचं सरबत होतं.

अमरावतीचे आमचे एक स्नेही या दुसऱ्या प्रकारातले. सारा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना 'सर'च म्हणतात. सरांचं हाडवैर आहे ते 'होपफुली' या एका शब्दाशी. मी अकोल्याला परत निघालो आणि सोडायला आलेल्या त्यांच्या नातवाने बडनेऱ्याच्या फलाटावर, "होपफुली, गाडी वेळेवर येईल," असं म्हटलं की सर लगेच विचारणार, "गाडीला आशा असते का रे?"

सरांचं म्हणणं असं की, हे क्रियाविशेषण आहे, त्याने निमूटपणे क्रियापदाच्या पदराला धरून चालावं. 'तो आशेने वाट पाहत होता' हे ठीक. पण गाडी आशेने कशी येईल? आशा आहे ती फलाटावर ट्रंकेवर बसलेल्या माणसाला, आणि वाक्यात तर त्या माणसाचा पत्ताच नाही!

या लढाईत सर एकटे नाहीत. अमेरिकेत १९६० नंतर या शब्दावरून भले भले संपादक आणि प्राध्यापक बाह्या सरसावून उभे राहिले होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने त्याला पंगतीत पाट मांडून दिला तो थेट २०१२ साली. ती बातमी कळली त्या दिवशी सरांनी ताटातलं श्रीखंड बाजूला सारलं म्हणतात. गंमत म्हणजे 'फ्रँकली' हा शब्द त्याच दारातून कितीतरी आधी आत शिरला होता, त्याला कोणी हटकलं नाही. 'फ्रँकली, गाडी लेट आहे' असं आपण खुशाल म्हणतो. आता गाडी काय मनमोकळेपणाने लेट होते?

तुम्ही म्हणाल, साहेबाच्या भाषेतली भांडणं साहेबाला लखलाभ. पण आपल्या घरीही मातीच्याच चुली. 'बहुतेक तो आज येईल' असं म्हटलं की मराठीचे शिक्षक कान पकडतात. 'बहुतेक' म्हणजे पुष्कळसे. इथे 'बहुधा' हवं, असं त्यांचं म्हणणं. ठीक आहे. पण संस्कृतात या 'बहुधा'चा अर्थ 'अनेक प्रकारांनी' असा आहे. म्हणजे 'बहुधा तो येईल' याचा जुना अर्थ लावला तर तो थोडा सायकलने, थोडा एस.टी.ने आणि उरलेला पायी येईल! ज्या शब्दाला आपण शुद्धीचा पहारेकरी नेमलं, तोच कधीकाळी घर सोडून आलेला. शब्द घरं बदलतात, त्यांना अडवण्यात अर्थ नाही. मला स्वतःला 'बहुतेक' चालतो, 'होपफुली'ही चालतो. ऐकणाऱ्याला कळतं, काम भागतं.

तरीही सरांचा तो प्रश्न काही मनातून जात नाही. नियम राहू द्या बाजूला, पण वाक्यातून पळून गेलेल्या त्या माणसाचं काय?

मागे एका कचेरीतून मला पत्र आलं : 'दुर्दैवाने आपला अर्ज मुदतीत निकाली निघू शकला नाही.' व्याकरणात एक काना इकडचा तिकडे नाही. पण दुर्दैव कोणाचं? अर्जाचं म्हणावं, तर तो फायलीत सात महिने सुखाने झोपला होता. लिहिणाऱ्याचं म्हणावं, तर त्याचा पगार एक तारखेला झालेला. म्हणजे राहिलो मी. माझ्या दुर्दैवाची बातमी मलाच कळवून लिहिणारा मोकळा! घरमालक म्हणतो, 'साहजिकच भाडं वाढवावं लागतंय.' त्याला साहजिक, मला नाही. 'मी अर्ज पाहिला नाही', 'मला जास्त पैसे हवेत' ही वाक्यं अवघड असतात, कारण त्यांत 'मी' बसलेला असतो. या शब्दांचा उपयोग असा की, 'मी'ला मागच्या दाराने बाहेर काढता येतं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही हे वऱ्हाडात जून महिन्यात कळतं. मूर्तिजापूरकडे माझा एक मावसभाऊ कोरडवाहू कपाशी करतो. पेरलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, पुन्हा उसनवार. अशा माणसाच्या कानावर अंदाज पडतो, 'तुरळक ठिकाणी मुसळधार.' तो मला विचारतो, "भाऊ, तुरळक बी अन् मुसळधार बी? सांगनाऱ्याले तरी समजलं का?" खरं तर हवामान खात्याने हा शब्द चांगला मोजून-मापून घेतला आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. तुरळक आहेत त्या जागा, पाऊस नव्हे. मी त्याला हे नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मंग पेरू का नको पेरू, थे सांग."

मी म्हटलं, "पेरायला बहुतेक हरकत नसावी." आता या वाक्यात तुम्ही दिवा घेऊन शोधलंत तरी मी सापडणार नाही.

त्याच्या शेजारचा म्हातारा मात्र आभाळाकडे बघून म्हणाला, "पाऊस येईन. मी म्हणतो ना!" आणि बियाण्याची थैली उचलून आपल्या वावराकडे चालू लागला. त्याचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का होता असं नाही. पण त्याच्या वाक्यामागे त्याची थैली होती. खोटं ठरलं तर आधी तोच बुडणार होता. मला वाटतं, शब्द खरा की खोटा हे पुढचं. तो कोणाच्या खर्चाने बोलला जातोय हे आधी बघावं.

'पाऊस येईन' या वाक्याला पुण्याकडची मंडळी हसतात. 'येईल' म्हणावं, 'येईन' हे प्रथमपुरुषी, असं त्यांचं म्हणणं. वऱ्हाडीत तिसऱ्या पुरुषालाही 'येईन'च लागतं, हे त्यांना कोण सांगणार? पण त्यांच्या कानाने ऐकलं तरी मला हे वाक्य फार आवडतं. त्यात दुर्दैवाने नाही, साहजिकच नाही, होपफुली नाही. खुद्द पाऊसच स्वतःच्या तोंडाने 'मी येईन' म्हणून कबूल करतो.

आता तो पुष्कळदा शब्द फिरवतो, ही गोष्ट वेगळी. पण निदान जाब कोणाला विचारायचा, हे तरी कळतं!