ब्रेक ऑइल आणि आळशी तर्क

हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेत एका गृहस्थाने एकदा हट्ट धरला: तंतोतंत सारखी दोन पानं शोधून दाखवतो. समोर होत्या तिथल्या राजघराण्यातल्या सोफी आणि त्यांच्या दरबारातले तत्त्वज्ञ गॉटफ्रीड लाइबनिट्स. सोफीबाईंनी आव्हान दिलं, ‘दाखवाच.’ गडी बागभर हिंडला आणि हात हलवत परतला. ही हकिगत लाइबनिट्सनीच 1716 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, न्यूटनचे पाठीराखे सॅम्युएल क्लार्क यांना कळवली. पुढे पुस्तीही जोडली: पाण्याचे किंवा दुधाचे दोन थेंबसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसतील.

लाइबनिट्स 1676 पासून अखेरपर्यंत याच शहरातल्या दरबाराच्या चाकरीत होते. आज आपल्याकडे हॅनोव्हर ओळखलं जातं ते औद्योगिक प्रदर्शनामुळे. 2015 मध्ये भारत तिथे भागीदार देश होता. पण शहराचा खरा संसार गाड्यांचा आहे. कॉन्टिनेंटल कंपनी इथे 1871 मध्ये निघाली, फोक्सवागनच्या व्हॅन 1956 पासून इथे तयार होतात आणि गाड्यांची तपासणी करणाऱ्या ‘ट्यूफ नॉर्ड’चं मुख्यालयही इथेच आहे. त्यामुळे दोन थेंबांतला फरक ओळखण्याचा प्रश्न या शहरात बागेपेक्षा गॅरेजात जास्त वेळा पडत असणार.

ब्रेक ऑइलचंच घ्या. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, तर हीच किमान मर्यादा 155 वर येते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. हे द्रव ग्लायकॉल ईथर जातीचे असतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात. होज पाइपच्या रबरातूनसुद्धा पाणी आत झिरपतं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, एक कोरडी आणि एक ओलावलेली, तर डोळ्याला काहीही कळत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नये. एका जर्मन कंपनीने एकच ब्रेक ऑइल निळ्या आणि सोनेरी अशा दोन रंगांत विकलं होतं. जुनं पूर्ण निघालं की नाही ते कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. कूलंटचं नेमकं उलट: दोन कंपन्यांचे गुलाबी कूलंट रसायनाने वेगळे असू शकतात, कारण रंगाचं कुठलंही सर्वमान्य मानक नाही.

आता वरंध किंवा आंबेनळीसारखा घाट उतरणारी गाडी घ्या. चालक खालच्या गिअरऐवजी ब्रेकवरच विसंबलाय. डिस्क तापते, उष्णता कॅलिपरमधल्या द्रवात शिरते आणि ओलावलेलं ऑइल उकळतं. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक चालतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय थेट तळाला टेकतो आणि गाडी धावतच राहते. गंमत म्हणजे (गंमत कसली!) गाडी थांबून गार झाली की वाफ विरते, पेडल पुन्हा घट्ट लागतं आणि पुरावा नाहीसा होतो.

म्हणून रोज सकाळी पेडल दाबून ‘ब्रेक मस्त आहेत’ म्हणणारा चालक चार्वाकपंथी ठरतो. प्रत्यक्षाशिवाय दुसरं प्रमाण त्याला मान्य नाही. नैयायिक चार प्रमाणं मानतात, त्यांतली दोन इथे कामाची. मागच्या बदलाची तारीख पाहून ओलाव्याचा अंदाज करणं हे अनुमान. मॅन्युअलमध्ये किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेला दर्जा हे शब्दप्रमाण. गाडी बनवणारा जाणतो आणि जाणतो तेच सांगतो, तेव्हा तो आप्तच. झाकणावर डॉट 4 लिहिलेलं असताना शेजाऱ्याच्या सल्ल्याने सिलिकॉनचं डॉट 5 ओतणं हे आप्ताला खोटं पाडणं झालं. खनिज तेल ओतलं तर रबरी सील फुगून संपूर्ण यंत्रणाच बाद होते.

निसर्ग उड्या मारत नाही, असं लाइबनिट्स मानत. समुद्राची गाज ज्या असंख्य लाटांची बनते, त्यांतली एकेक आपल्याला ऐकू येत नाही, हा त्यांचाच दाखला. ब्रेक फेल होणं ही वरवर उडी वाटते, पण ओलावा दोन वर्षं थोडाथोडा आत येतच होता. टाकीतली पातळी उतरली म्हणून नुसतं टॉप-अप केल्याने तो निघून जात नाही. उलट, पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते. वरून भर टाकली की तीही खूण पुसली जाते.

इथून प्रश्न धर्माच्या अंगणात शिरतो. ‘व्हायचं ते होणारच, मग काळजी कशाला?’ हे वाक्य आपल्याकडे लिंबू-मिरचीच्या जोडीने डॅशबोर्डवर बसलेलं असतं. 1710 च्या ‘थिओडिसी’ या ग्रंथात लाइबनिट्सनी याला आळशी तर्क म्हणून झोडपलं. स्वतः पक्के आस्तिक, ईश्वराने सारं आधीच जाणलं आहे असं मानणारे. तरीही त्यांचं म्हणणं होतं की परिणाम ठरलेला असेल तर त्याची कारणंही ठरलेली असतात, आणि माणसाची खबरदारी हे त्यांतलंच एक कारण. म्हणजे ब्रेक ऑइल बदलणं हा दैवावरचा अविश्वास नव्हे; दैव ज्या वाटेने येतं, ती वाटच आहे.

इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी 1877 मध्ये आणखी कठोर निवाडा दिला. त्यांच्या कल्पनेतला जहाजमालक जुनाट जहाज न तपासता, देव प्रवाशांना सांभाळेल असं स्वतःला पटवून ते समुद्रात सोडतो. जहाज सुखरूप पोहोचलं तरी तो दोषीच, असं क्लिफर्ड म्हणतात. कारण तसं मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता. हा निवाडा जड वाटतो खरा, पण मागच्या सीटवर मुलं बसलेली असताना तो पटतो.

जर्मनीने हा प्रश्न श्रद्धेवर सोडला नाही. ट्यूफ संस्थांचं मूळ ब्रेकमध्ये नव्हे, वाफेत आहे: 1865 मध्ये मानहाइमच्या एका बिअर कारखान्यातला बॉयलर फुटला आणि बॉयलर तपासणाऱ्या संस्था निघू लागल्या. आज तिथे नव्या खासगी गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी होते आणि पुढे दर दोन वर्षांनी. बऱ्याच कंपन्या ब्रेक ऑइल बदलायलाही दोनच वर्षं सांगतात.

दसऱ्याला गाडीला हळदकुंकू लावा, हार घाला, चाकाखाली लिंबू ठेवा. पण त्याआधी सर्व्हिस बुक उघडून ब्रेक ऑइलची तारीख बघा, आणि दोन वर्षं उलटली असतील तर पूजेच्या आधी गॅरेज गाठा.