श्वासाची अमानत

कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, असा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला होता. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत तो नोंदलेला आहे. कांदा-लसूण निषिद्ध नाही. तो हलालच आहे. मग ही मनाई कशासाठी? शेजारी उभ्या असलेल्या नमाजीला त्या वासाचा त्रास होऊ नये, यासाठी. ज्या धर्माने घटकाभराच्या वासाचीही दखल घेतली, त्याचा अनुयायी शेजाऱ्याच्या घरात अहोरात्र शिरणाऱ्या धुराविषयी बेफिकीर राहू शकतो काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अर्-रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच अल्लाहने स्थापिलेल्या तोलाचा, म्हणजे ‘मीज़ान’चा उल्लेख येतो आणि लागलीच त्या तोलात बिघाड न करण्याची ताकीद येते. सूरह अर्-रूमच्या ४१ व्या आयतीत जमिनीवर व समुद्रात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसाच्याच कर्मांत दाखविले आहे. मनुष्य या पृथ्वीवर खलीफा आहे. तो मालक नव्हे, विश्वस्त आहे. आणि विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो.

दुसऱ्यास हानी पोहोचवू नये, या प्रेषितवाणीवर इस्लामी विधिज्ञांनी ‘हानी दूर केली पाहिजे’ हा नियम उभारला. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेत घराशेजारच्या भट्टीच्या धुरामुळे तेथे राहणे अशक्य होत असेल, तर ती हानी कोणत्याही उपायाने दूर करावी, असे कलम आहे. व्यवसाय हलाल आहे एवढ्याने त्यातून होणारी इजा हलाल ठरत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ मध्येच कायदा झाला होता. १९८१ मध्ये संसदेने वायुप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम संमत केला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. तथापि, सूक्ष्म धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची ५. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीने वायुप्रदूषण कायद्याच्या अनेक उल्लंघनांसाठी कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला आहे. ज्याची तिजोरी भरलेली आहे, त्याला दंड हा धंद्याचाच एक खर्च वाटू शकतो. कायद्याची सीमा येथे दिसते.

आता आपल्या अंगणात पाहू. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या, तंदूर आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. या व्यवसायात आपले असंख्य बांधव आहेत. पहाटे शहराला पाव पुरविणारे हे कष्टाळू लोक आहेत. भट्टी बदलण्याचा खर्च मोठा, नफा थोडा. त्यांची चिंता खरी आहे. परंतु भट्टीसमोर प्रथम त्यांच्याच कारागिराची छाती भरते, मग वरच्या मजल्यावरील बालकाची. शिवाय परवाना घेताना आपण अटी मान्य केलेल्या असतात, आणि सूरह अल-माइदाच्या आरंभीच करार पाळण्याची आज्ञा आहे.

येथे हज़रत नुअमान बिन बशीर (रज़ि.) यांनी कथन केलेली नौकेची हदीस आठवते. काही लोक वरच्या मजल्यावर होते, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी दरवेळी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात छिद्र पाडण्याचे ठरविले. त्यांना रोखले तर सर्व वाचतील, न रोखले तर सर्व बुडतील.

या दृष्टांतातून आपण बहुधा ‘रोखा’ एवढेच ऐकतो. पण खालच्यांची तहानही खरी होती. हात धरणाऱ्यावर पाणी देण्याचीही जबाबदारी येते. म्हणून ज्या मोहल्ल्यात बैतुलमाल आहे, तेथून गरजू बेकरीवाल्यास नव्या भट्टीसाठी कर्ज़-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, का मिळू नये? सुखवस्तू लोकांनी धुराची तक्रार करावी आणि पाव मात्र जुन्याच भावाने मागावा, हा न्याय नव्हे.

निरीक्षक रोज येत नाही. धुराड्यातून निघालेला धूर कोणाच्या फुप्फुसात गेला, याची नोंद त्याच्या वहीत होत नाही. ज्याच्याजवळ ती नोंद होते, त्याच्यासमोर एक दिवस उभे राहायचे आहे, ही जाणीव म्हणजेच तक़वा. ती असेल तर अपुरा कायदाही पुरतो. नसेल तर कडक कायद्यातूनही पळवाट निघते.

हे अल्लाह, आमच्या कमाईला शेजाऱ्याच्या त्रासापासून मुक्त ठेव, आणि तुझी अमानत जशी मिळाली तशी पुढील पिढीच्या हाती देण्याचे सामर्थ्य आम्हांस दे. आमीन.