पेन्सिलीचे इमान

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे तळ्याकाठचे एक लहानसे गाव आहे. तेथून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या खेपेस अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. आता त्याला पन्नास वर्षे उलटून गेली असून त्याच्या धर्तीवरचे कितीतरी खेळ जगभर खेळले जातात. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांना तो परिचित आहेच. पण मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळीही सुट्टीच्या दिवशी चार-सहा जण जमवून त्यात तासन्‌तास रंगून जातात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, ही मुले नुसत्या गप्पा छाटीत बसली आहेत. मध्ये टेबल, टेबलावर फासे, प्रत्येकापुढे एक कागद आणि हातात पेन्सिल. या पेन्सिलीविषयी थोडे लिहावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. एक जण सूत्रधार असतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. तो शब्दांनी एक काल्पनिक जग उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी तिरंदाज. नाटकाला संहिता असते, येथे ती नसते. 'मी दार ढकलतो' असे खेळाडूने म्हणावयाचे आणि दार उघडले की नाही हे फाशाने ठरवावयाचे. पात्राचे बळ, बुद्धी, चापल्य आदी गुण आकड्यांत मांडलेले असतात. अजून किती घाव सोसता येतील, गाठीला नाणी किती, भात्यात बाण किती, हे सारे त्या कागदावर टिपलेले असते. त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. हा कागद ज्याचा त्याने लिहावयाचा, ज्याचा त्याने खोडावयाचा आणि बहुधा आपापल्या घरी न्यावयाचा. पुढच्या आठवड्यात तो परत येतो तेव्हा त्यावरचे आकडे मागच्या आठवड्यातलेच आहेत, याची ग्वाही कोण देणार?

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी आणि पालकांनी या खेळाविरुद्ध मोठे काहूर माजविले होते. राक्षस, मंत्रतंत्र, पिशाच्चे यांची चित्रे पाहून त्यांना त्यात सैतानाचा हात दिसला. माझ्या मते त्यांनी नको त्या पानावर बोट ठेवले. कथेतला राक्षस मुलांना फारसा बिघडवीत नाही. आजीच्या गोष्टींत आपणही पुष्कळ राक्षस पाहिले आहेत. संत थॉमस अक्वायनस यांनी तर खेळण्यातही सद्गुण असू शकतो, असे आपल्या 'सुम्मा'मध्ये सविस्तर प्रतिपादन केले आहे; सतत ताणून ठेवलेले धनुष्य तुटते, हा जुना दाखलाही ते तेथे देतात. या खेळात नीतीचा खरा प्रश्न आहे तो त्या साध्या कागदावर.

एका तरुणाने मला विचारले होते, "फादर, जे पात्रच खोटे, त्याचे आकडे खोटे लिहिले तर बिघडले काय?" प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर ग्रंथ लिहिताना थट्टेला आरंभीच वेगळे काढले; कारण बोलणाऱ्याच्या सुरावरून, मुद्रेवरून फसविण्याचा हेतू नाही हे ऐकणाऱ्यास कळत असते. 'मी उत्तरेकडचा तिरंदाज आहे' असे म्हणणारा खेळाडू कोणालाच फसवीत नाही. तो महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकतो हे टेबलावरील प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु फाशावर नऊ पडलेले असताना कागदावर सतरा लिहिले, तर ते कोणालाच ठाऊक नसते, आणि ते ठाऊक होऊ नये हाच लिहिण्यामागचा हेतू असतो. तिरंदाज काल्पनिक आहे, पण फासा खराच पडला. कल्पनेच्या त्या सगळ्या डोलाऱ्यात प्रत्यक्ष घडलेली गोष्ट तेवढीच, आणि खोटेपणा नेमका तिच्याविषयी.

यावर दुसरा आक्षेप येतो. पत्त्यांच्या डावात एकाने पत्ता लपविला तर दुसरा हरतो. येथे कोणी कोणाला हरवीत नाही. सारे एकाच पक्षाचे. मग नुकसान कोणाचे? असे समजा की एका योद्ध्याची घाव सोसण्याची शक्ती तीनवर आली आहे. मागे फिरावे की मित्रासाठी पुढे व्हावे, या विचाराने खेळणाऱ्याचा जीव खरोखर टांगणीला लागतो, आणि बाकीचे श्वास रोखून पाहतात. त्याच्या शेजारी असा एक जण बसला आहे की ज्याची शक्ती कितीही घाव बसले तरी संपत नाही, कारण तो ते टिपूनच घेत नाही. त्याच्यासाठीही इतरांनी श्वास रोखला. त्यांनी आपली काळजी त्याच्या हवाली केली आणि त्याने ती मनातल्या मनात परत फिरविली. शिवाय पहिल्याने प्रामाणिकपणे पत्करलेला धोका त्यामुळे स्वस्त झाला तो वेगळाच.

योहान हौझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळ आणि संस्कृती यांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. खेळ मोडणाऱ्यापेक्षा खेळात लबाडी करणाऱ्याला समाज अधिक सांभाळून घेतो, कारण लबाड मनुष्य निदान नियम मानण्याचे सोंग तरी करतो, असे त्याचे निरीक्षण आहे. बुद्धिबळात किंवा फुटबॉलमध्ये ते खरे असेल. ज्या खेळाला पट नाही, मैदान नाही, धावफलक नाही, त्याच्या बाबतीत मला ते पटत नाही. येथे रागावून उठून जाणारा बरा; तो गेल्याचे सर्वांना दिसते तरी.

लबाडी करणारे सगळे दुष्ट असतात असे मात्र समजू नये. दोन-दोन वर्षे सांभाळलेले पात्र एका फाशाने मरणार म्हटल्यावर हात कापतो. कोणाला आपण टेबलावर निरुपयोगी ठरू अशी भीती असते. आणि निव्वळ विसरभोळेपणा तर सर्वत्र आहेच. खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत भात्यात वीस बाण मावतात आणि लढाईनंतर शोध घेतल्यास सोडलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात. तेव्हा सात सोडले, तीन मिळाले, पुन्हा पाच सोडले, हा हिशेब लढाईच्या धामधुमीत ठेवताना चांगल्या चांगल्यांची तारांबळ उडते. विसरणे आणि लपविणे यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे; आपल्याला विसर पडतो आहे हे कळत असूनही तो पडू देणे. सद्सद्विवेकबुद्धीला झोप लागते ती बहुधा तेथेच.

मग तपासणी करावी काय? या खेळाच्या इतिहासात तिचे अनेक प्रकार होऊन गेले. १९७४ च्या मूळ नियमांत पात्राचे गुण ठरविणारे फासे सूत्रधारानेच टाकावयाचे होते. खेळाडूने फक्त आकडे उतरवून घ्यायचे. १९७९ च्या नियमग्रंथात चार फासे टाकून उत्तम तीन घ्यावेत अशी सवलत आली, आणि घरून गुण 'पाडून' आणणारे महाभाग निघाले. तीन फाशांवर अठरा पडण्याची शक्यता २१६ त एक. सहाही गुणांत अठरा पडण्याची शक्यता काढू गेल्यास ती सुमारे १०१ लाख कोटींत एक भरते. असा भाग्यवान कोणी समोर येऊन बसला तर सूत्रधाराने काय म्हणावे?

घरच्या टेबलावर निदान ओळख असते. अनोळखी लोक एकत्र खेळू लागले तेव्हा पेच वाढला. १९८७ साली 'लिव्हिंग सिटी' नावाची मोहीम सुरू झाली. तीत एकच पात्र घेऊन खेळाडू गावोगावच्या मेळाव्यांत खेळू शकत असे. म्हणून मिळालेल्या जादुई वस्तूचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली. २००० ते २००८ पर्यंत चाललेल्या 'लिव्हिंग ग्रेहॉक'मध्ये प्रत्येक साहसाच्या नोंदीवर सूत्रधाराची सही लागत असे. पुढे संगणकावरील कागदही आले, जे सूत्रधारास केव्हाही पाहता येतात. पण आकडा भरणारा हात खेळाडूचाच राहिला. सही, शिक्का आणि यंत्र फक्त लिहिलेल्याची साक्ष देतात. न लिहिलेल्या घावाची साक्ष त्यांना देता येत नाही.

मला त्यातल्या त्यात आवडली ती २०१४ साली सुरू झालेल्या 'ॲडव्हेंचरर्स लीग'ची तोड. पात्राच्या गुणांसाठी तेथे फासेच काढून टाकले. पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा आणि आठ हे ठराविक आकडे हवे तसे वाटून घ्या, किंवा ठराविक गुणांच्या शिदोरीतून प्रत्येक गुण विकत घ्या. यात कोणावर संशय नाही, कोणाची झडती नाही. मोहाची वस्तूच वाटेतून उचलून ठेवली आहे. सामाईक खजिन्याची वही एकाकडे देणे, सर्वांनी फासे टेबलाच्या मध्यभागी टाकणे, हेही याच जातीचे उपाय. त्यापुढे मात्र सूत्रधाराने थांबावे. प्रत्येक बाणाचा झाडा घेणारा सूत्रधार बिनचूक कागद मिळवील, पण मग खेळाडू त्या कागदावर जे लिहील ते त्याच्यासाठी लिहील. कोणी पाहात नसताना खोडलेला एक बाण, ही त्या मुलाची स्वतःची कमाई असते. ती त्याच्याकडून काढून घेऊ नये.

सूत्रधार स्वतः मात्र आपले फासे पडद्याआड टाकतो, आणि प्रसंगी फाशाचा कौल बाजूला सारण्याची मुभा त्याला गायगॅक्सनेच १९७९ च्या ग्रंथात दिली होती. काहींना हा पक्षपात वाटतो. मला तितका वाटत नाही. पडदा सर्वांच्या देखत उभा असतो आणि खेळाडू तो मान्य करून बसलेले असतात. तरीही आपल्या कौतुकाच्या कथेला वाचविण्यासाठी दररोज फासा फिरविणाऱ्या सूत्रधाराने दुसऱ्याच्या बाणांची चौकशी न केलेलीच बरी.

राहिला प्रश्न, एखाद्याची लबाडी खरोखरच लक्षात आली तर. चारचौघांत कागद हिसकावून मोजदाद करणे म्हणजे खेळासाठी मित्र गमावणे होय. एकांतात बोलावे, आणि आरोपाच्या सुराऐवजी 'तुला त्या पात्राला गमावण्याची भीती वाटते का?' असे विचारावे. पुष्कळदा उत्तर तेथेच मिळते. मागचे आकडे उकरून काढण्यात अर्थ नाही. ते आता कोणालाच नक्की सांगता येणार नाहीत, कदाचित त्यालाही नाही. सर्वांनीच एकेक कोरा कागद घ्यावा, पात्राचे नाव तेच ठेवावे, आकडे एकत्र बसून उघडपणे ठरवावेत आणि पुढच्या रविवारी खेळ तेथून चालू करावा.