न ऐकलेली हांक

आज्ञापालन हा सद्गुण आहे असें आपण मुलांस शिकवितों, आणि थोड्याच वर्षांनीं त्याच मुलांस स्वतःच्या बुद्धीनें वागा म्हणूनही बजावतों. या दोन उपदेशांत विरोध आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कारण घरीं किंवा कचेरींत आज्ञा पाळली काय आणि मोडली काय, बहुधा कोणाचा प्राण जात नाहीं. पण असेही व्यवसाय आहेत कीं जेथें हा विरोध निमिषार्धांत मिटवावा लागतो. रानांतील वणवा विझविणाऱ्या टोळीचें नायकत्व हा त्यांपैकीं एक होय.

वणवा आपणांस अपरिचित नाहीं. फाल्गुन-चैत्रांत सह्याद्रीच्या उतारावर आगीची माळ रात्रीं वर चढतांना आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. परंतु अमेरिकेच्या पश्चिमेकडील अरण्यांत आग निर्जन डोंगरांत लागते, आणि तेथें रस्ता नसतो. म्हणून विमानांतून हवाई छत्रीनें उडी घेऊन आगीपाशीं उतरणारीं पथकें तेथील वनखात्यानें १९४० सालापासून ठेविलीं आहेत. पाणी त्यांच्याजवळ फारसें नसतें. कुऱ्हाड, करवत, फावडें यांनीं आगीच्या वाटेवरचें गवत-झुडूप खरडून मातीचा पट्टा उघडा करावयाचा, म्हणजे आगीला खावयास कांहीं उरत नाहीं, असें हें काम असतें.

ता. ५ ऑगस्ट १९४९ रोजीं माँटाना राज्यांत, मिसूरी नदीच्या कांठच्या मॅन गल्च नांवाच्या घळींत असे पंधरा जण उतरले. आदल्या दिवशीं वीज पडून लागलेली ती आग विमानांतून किरकोळ दिसली होती. रेडिओची छत्री उघडली नाहीं आणि तो खडकावर फुटला. पण त्याची फारशी खंत कोणीं केली नाहीं. खालीं एक वनरक्षक एकटाच आगीशीं झुंजत होता, तो त्यांना मिळाला. एकूण सोळा माणसें झालीं. नायक वॅग्नर डॉज तेहतीस वर्षांचा, हाताचा कुशल आणि बोलण्याचा कंजूष. बाकीचे बहुतेक विशीच्या आसपासचे. एक तर अवघा सतरा वर्षांचा.

आग समोरच्या उतारावर होती आणि टोळी नदीकडे खालीं चालली होती. इतक्यांत डॉजला दिसलें कीं आग घळीच्या तोंडाशीं ओलांडून अलीकडच्या उतारावर आली आहे आणि कंबरभर वाळलेल्या गवतांतून वर येत आहे. त्यानें टोळी उलट फिरविली. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवतात, त्यास आधींच तापवून ठेवितात, आणि म्हणून आग चढावर अधिक वेगानें धांवते. माणसाचें याच्या अगदीं उलट. थोड्या वेळानें डॉजनें अवजारें टाकून देण्यास सांगितलें. आणि मग त्यानें जें केलें तें त्या मुलांनीं पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें. तो थांबला, त्यानें काडी ओढली आणि आपल्या पुढच्या गवतालाच आग लाविली. तें गवत भराभर जळून गेलें, तशी ओल्या रुमालानें तोंड झांकून राखेंत आडवें व्हावयाचें, म्हणजे मागून येणारी मोठी आग इंधनाअभावीं दोहों बाजूंनीं निघून जाईल, अशी ती युक्ति होती. त्यानें हातानें खुणा केल्या, हांका मारल्या. एकही माणूस आला नाहीं. वांचलेल्यांपैकीं एकानें पुढें सांगितलें कीं, आग पाठीशीं आली असतां हा पुढें दुसरी आग कशाला लावतो हेंच त्याला कळेना.

डॉज राखेंत वांचला. दोघे तरुण माथ्यावरच्या खडकांतील फटींतून पलीकडे निसटले. बाकीचे तेरा गेले. अकरा त्याच उतारावर आणि दोघे दुसऱ्या दिवशीं इस्पितळांत.

आतां प्रश्न असा कीं, त्या मुलांनीं चूक केली काय? परिणामावरून न्याय करणें सोपें आहे, पण तें खरें नव्हे. ज्या क्षणीं हांक आली त्या क्षणीं त्यांचे डोळे, त्यांचें शिक्षण आणि देहाची उपजत बुद्धि हीं तिन्ही एकच सांगत होतीं, कीं आगींत जाऊं नको. त्याविरुद्ध एका माणसाचा शब्द. गवताळ प्रदेशांत ही युक्ति पूर्वींपासून ठाऊक होती. फेनिमोर कूपरच्या १८२७ सालच्या 'द प्रेअरी' या कादंबरींतही ती येते. पण या पथकांस ती कोणीं शिकविली नव्हती, आणि स्वतः डॉजनेंही ती पूर्वीं ऐकली नसल्याची साक्ष दिली. तेव्हां ही आज्ञा ज्ञानावर उभी नव्हती. ती उभी राहिलीच असती तर केवळ त्या माणसावरील विश्वासावर.

आणि विश्वास ही कांहीं संकटाच्या वेळीं मागतां येणारी वस्तु नव्हे. कारण सांगावयास ज्या वेळीं अवसर नसतो, त्या वेळचा हुकूम ही एक हुंडी आहे. पेढीवर आधीं कांहीं जमा असेल तरच ती वटते. डॉजच्या पेढीवर काय जमा होतें? माणसें पाळीप्रमाणें निवडलेलीं. त्या उन्हाळ्यांतील सरावास तो त्यांच्याबरोबर नव्हता. त्याच दुपारीं टोळी दुय्यमाच्या हवालीं करून तो मागें राहिला आणि वनरक्षकासह जेवला. हा दोष म्हणावा तर फार लहान आहे. शांत दिवशीं कोणाच्या स्मरणांतही राहिला नसता. तथापि आपला नायक कसा विचार करतो हें ज्यांनीं कधीं ऐकलें नाहीं, त्यांनीं तो एकाएकीं वेडा झाला असें समजल्यास त्यांस बोल कसा लावावा? १९५७ सालीं तेथील वनखात्यानें दहा स्थायी हुकूम ठरविले. त्यांत सूचना स्पष्ट द्या आणि त्या समजल्याची खात्री करून घ्या, असाही एक आहे. हुकूम योग्यच आहे. पण समजण्याची ही तयारी आगीच्या दिवशीं नव्हे, तर त्यापूर्वींच्या कंटाळवाण्या दिवसांत व्हावी लागते.

म्हणून नायकावर पूर्ण विश्वास टाकावा असा सिद्धांत काढावा, तर पंचेचाळीस वर्षांनंतरची दुसरी घटना आडवी येते. ता. ६ जुलै १९९४ रोजीं कोलोरॅडोंतील स्टॉर्म किंग पर्वतावर चौदा जण जळाले. ते उतारावरून खालीं, आगीच्या दिशेनें पट्टा खोदीत होते. हें धोक्याचें आहे असें त्यांच्यापैकीं कांहींना वाटलें होतें, कांहींनीं तसें म्हटलेंही. आणि तरीही काम चालू राहिलें. चौकशींत आढळलें कीं दहा हुकुमांपैकीं आठांना हरताळ फांसला गेला होता. पुढें धोक्याच्या कामास रीतसर नकार कसा द्यावा याचे नियमही या लोकांच्या खिशांतील पुस्तिकेंत आले. एका डोंगरावर माणसें ऐकलें नाहीं म्हणून मेलीं, दुसऱ्यावर ऐकलें म्हणून. हा पेंच नियमांनीं सुटेल असें मला वाटत नाहीं. मात्र ज्या नायकापाशीं काल 'नाहीं' म्हणतां आलें, त्याचेंच आज विनाकारण ऐकावेंसें वाटतें, एवढें अनुभवास येतें. ज्या घरांत मुलास प्रश्न विचारण्याची मुभा असते, तेथेंच बापाचा एखादा तातडीचा 'थांब!' हा शब्द मूल निमूटपणें पाळतें.

राहिला डॉजच्या वांचण्याचा प्रश्न. मृतांपैकीं एकाच्या पित्यानें त्याच्यावर आरोप केला कीं, त्यानें लावलेल्या आगीनेंच मुलांची वाट अडविली. सरकारी चौकशीनें तें मानलें नाहीं. त्याचें ऐकलें असतें तर सर्व वांचते असा निर्णय दिला. पण पुत्रशोकापुढें निर्णय काय करणार? कप्तानानें जहाजाबरोबर बुडावें ही कल्पना आपल्या मनांत खोल रुजलेली आहे, आणि तीमुळें जिवंत परतलेल्या नायकाकडे आपण संशयानेंच पाहतों. मला ही कल्पना अन्यायाची वाटते. सर्वांना पुरेल एवढी जागा करून, हांका मारून, ते पुढें निघून गेल्यावर तो राखेंत शिरला. त्यांच्यामागें धांवून चौदावा झाला असता तर त्यांतून कोणाचें भलें होतें? आपल्या रुखरुखीस एक बळी मिळाला असता, इतकेंच. त्याची रुखरुख मात्र त्याच्यापाशींच राहिली. सहाच वर्षांनीं, १९५५ सालीं, आजारानें तो वारला.

त्या संध्याकाळीं आग डोक्यावरून गेली तेव्हां वाऱ्याच्या झोतानें आपण जमिनीवरून उचलले जातों कीं काय असें त्यास वाटलें. मग तो उठून बसला. पूर्वेकडून कोणाचा तरी क्षीण आवाज ऐकूं आला. अजून तापलेल्या त्या उतारावरून तो आवाजाच्या रोखानें चालूं लागला, आणि त्याला आपल्या टोळींतील एक मुलगा सांपडला. तो अतिशय भाजला होता, पण जिवंत होता.