चाकाच्या भोकात कोण पाहणार?

दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंची नावे आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतात. पृथ्वी, वायू, आकाश भराभर येतात, मधमाशी-हत्ती-मासा येतात, पिंगलेपाशी जरा थांबायला होते आणि शेवटच्या चार-पाचांत शरकार येतो. शरकार म्हणजे बाण करणारा कारागीर. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला हे गुरू सांगितले, आणि नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत त्यांचा मराठीत विस्तार केला. शरकाराची गोष्ट दोन ओळींची आहे. तो बाण घडवण्यात इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळली नाही.

प्रवचनात हा गुरू लवकर उरकतो. मन एकाग्र ठेवा, झाले. पण जरा विचार करा. तो बाण पुढे कोणाच्या तरी छातीत जाणार होता. अवधूताने बाणाला गुरू केले नाही, राजाला तर नाहीच. ज्या माणसाचे लक्ष तिथे लागले होते त्याला केले. म्हणजे काम कशाचे आहे यापेक्षा ते करताना मन कुठे आहे, याला इथे किंमत आहे. हे मान्य करणे वाटते तितके सोपे नाही.

मला हा प्रश्न एका खेळण्याच्या गाडीवरून पडला. मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत होतो. नातू तिथल्या बालस्काउटांत जातो. त्यांच्याकडे एक शर्यत असते, पाइनवूड डर्बी. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावी डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी १९५३ साली ती सुरू केली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मोठ्या गाड्यांच्या शर्यतीसाठी लहान पडत होता, म्हणून बापलेकांनी मिळून करायचे असे काहीतरी त्यांनी शोधले. पाइन लाकडाचा सात इंची ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाके, आस म्हणून चार खिळे. वजन पाच औंसांपर्यंत, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. इंजिन नाही, ढकलणे नाही. उतारावरून सोडायची, आपल्या वजनाने धावेल तेवढी धावेल.

आता पाहा, उतार सर्वांना सारखा, वजनही बहुतेकांचे सारखे. मग एक पुढे आणि एक मागे का? मोठे कारण चाकाच्या भोकात असते. साच्यातून निघालेल्या चाकाचे भोक आतून खरखरीत राहते आणि ते खिळ्याला घासते. खिळ्याच्या डोक्याखालीही बारीक कंगोरा असतो, तो कानशीने काढावा लागतो. भोकासाठी तारेवर कापसाचे तंतू गुंडाळलेली काडी घ्यायची, तिला पॉलिशची पेस्ट लावायची आणि हळूहळू फिरवायची. यंत्राला लावून जोरात फिरवले तर उष्णतेने प्लॅस्टिक वितळते. फार घासले तर भोक मोठे होऊन चाक डगमगते. मग धुवायचे, वाळवायचे आणि आत ग्रॅफाइटची पूड टाकायची. आपल्या पेन्सिलीत असते तेच ग्रॅफाइट. हे सारे चार चाकांना, आणि बाहेरून यातले काही म्हणता काही दिसत नाही.

दुसऱ्या चाकाला पोट्टं कंटाळलं. म्हणालं, "आबा, आत कोण पाहणार आहे? मी रंग देऊ का?"

आत कोण पाहणार, हा प्रश्न आठ वर्षांच्या पोराने विचारला म्हणून हसायचा नाही. बँकेतल्या पस्तीस वर्षांत मी तो मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. संगणक येण्यापूर्वी आम्ही लेजरचे बॅलन्सिंग हाताने करायचो. चाळीस पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसायचो. कोणी म्हणायचे, टाका न खिशातून चाळीस पैसे, कोण पाहते!

या प्रश्नाला साधारण तीन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, उतार पाहील. आत खरखर राहिली तर गाडी मागे पडेल. हे खरे आहे, पण ते व्यापाराचे उत्तर झाले. ज्या दिवशी आत न घासताही जिंकता येईल त्या दिवशी ते संपते. मी कॉमर्सचा माणूस, मला या उत्तराचे वावडे नाही, फक्त त्याची मुदत ठाऊक आहे.

दुसरे आपले भक्तांचे आवडते. देव पाहतो. हे उत्तर मला, खरे सांगायचे तर, थोडे खटकते. यात आपण महाराजांना इन्स्पेक्शनला येणाऱ्या अधिकाऱ्यासारखे करून टाकतो. इन्स्पेक्शनची तारीख आली की टेबले पुसणारे लोक मी पाहिले आहेत. तो गेला की धूळ परत. भीतीने पुसलेले टेबल तेवढेच टिकते.

तिसरे उत्तर मला अकोल्याच्या कापूस बाजारात एका म्हाताऱ्या गाडीवानाने दिले होते. तेव्हा कापूस बैलगाडीने यायचा आणि हंगामात रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. कोरड्या तुंब्याची गाडी लांबूनच कुरकुरताना ऐकू यायची आणि शिव्या मात्र बैलांना पडायच्या. हा म्हातारा रांगेत उभ्या उभ्या चाक सैल करून एरंडेलाचे वंगण घालत होता. मी म्हटले, "बाबा, आता तर पोहोचलेच न, परत जाताना घाला." तो म्हणाला, "बैलाले समजते न बाप्पा." आतली खरखर शेवटी कोणाच्या तरी मानेवर जाते. या उत्तरात भीती नाही आणि बक्षीसही नाही.

पण शरकाराचे उत्तर याहूनही पुढचे आहे असे मला वाटते. त्याच्याजवळ हा प्रश्नच उरलेला नव्हता. कोण पाहतो हे विचारायला मनाचा जो भाग मोकळा लागतो, तो त्याच्यापाशी शिल्लक नव्हता. राजा समोर असून दिसला नाही तिथे परीक्षक कुठून दिसणार?

इथेच आजोबांची पंचाईत होते. गुळगुळीत भोक मी नातवाला करून देऊ शकतो. माझा हात स्थिर आहे, वेळ भरपूर आहे. तिथे अनेक गाड्या बापांनीच केलेल्या असतात आणि त्या दिसताक्षणी ओळखू येतात. आपल्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला हेच होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांनी चाकांचा लाकडी नंदी ओढत घरोघरी जायचे आणि बोजारा घ्यायचा, एवढाच तो सण. आता सजावटीला बक्षिसे असतात, मग नंदी मोठा होतो, खर्च मोठा होतो आणि लेकरू नुसते दोरी धरून फोटोला उभे राहते. दोरी त्याच्या हातात, हौस आईबापांची. घासलेले चाक देता येते. घासताना लागलेले लक्ष कसे द्यायचे? शरकार बाण विकू शकत होता, ते लक्ष त्याला मुलाच्याही नावावर करता आले नसते.

मुलगा म्हणाला, "बाबा, उरलेली दोन तुम्ही करून टाका, त्याला शाळा आहे." मी शालीत हात घालून बसलो. नातवाने तिसरे चाक बरे केले, चौथे तसेच ठेवले. गाडी मधेच कुठेतरी आली.

यंदा तान्ह्या पोळ्याला अकोल्याला मुलीकडे होतो. नातीच्या नंदीचे मागचे चाक अडत होते. तिच्या हातात काडीला गुंडाळलेला पॉलिश पेपर आणि मेणबत्तीचा तुकडा दिला आणि खुर्ची ओढून बाजूला बसलो. ती भोकात काडी फिरवायची, फुंकर मारायची, खिळ्यावर चाक चढवून पाहायची, पुन्हा काढायची. गल्लीतून पोरांची मिरवणूक ताशा वाजवत आली. मुलगी आतून ओरडली, "बाबा, द्या न करून, सगळे चालले!" ताशा दारावरून गेला, वळणाशी गेला. नातीने चाक कानाजवळ धरून फिरवले आणि मेणबत्तीचा तुकडा पुन्हा उचलला.