चोकजवळ नेलेल्या वायरी

माझ्या दुरुस्तीच्या वहीत गेल्या भाद्रपदातली एक नोंद आहे. 'बेंच मल्टिमीटर, जुना बाजार, रु. ४,५००. शेवटचे आकडे हलतात. विकणाऱ्याने दोष लपवला. रु. २,००० परत घेतले.' यातलं 'दोष लपवला' हे खोटं आहे. ते लिहीत होतो तेव्हाच मला त्याची शंका होती, म्हणून आज ही नोंद समोर घेऊन बसलो आहे.

मीटर अमेरिकेतून आलेला, साडेपाच आकडी. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे भंगारात निघालेल्या मालाच्या ढिगात तो मला दिसला. विकणारा मुलगा पंचविशीतला असेल. म्हणाला, "काका, प्लग लावला की चालू होतो, एवढं मी दाखवतो. पुढचं मला त्यातलं कळत नाही." त्याने चालू करून दाखवला आणि मी पैसे दिले. लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

घरी आणून मी दीड व्होल्टचा सेल लावला. पहिले आकडे ठाम, शेवटचे दोन मात्र सारखे वरखाली. मग प्रोब एकमेकांना जोडून शून्य पाहिलं. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर या मीटरचा शेवटचा अंक १ मायक्रोव्होल्टचा असतो. तोही चार-पाचने सरकत होता. मी वहीत लिहिलं, 'शून्य स्थिर नाही.'

मी तीस वर्षं एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात काढली आहेत. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात जे शिकवायचो ते मला पाठ आहे. असा मीटर तासभर तापू द्यायचा, मगच आकडा लिहायचा. मीटरवर बोट ठेवण्याआधी जोडणी तपासायची. त्या संध्याकाळी मी त्याला दहा मिनिटंही दिली नाहीत. शून्य सरकत होतं त्याचं कारण तर माझ्या चिमटीत होतं. डाग दिलेली क्लिप बोटांत धरली की आकडा चढायचा, तीन, चार, पाच. सोडली की सावकाश उतरायचा. दोन वेगळ्या धातूंचा सांधा एका बाजूने गरम झाला की तिथे व्होल्टेज तयार होतं. तांबं आणि सोल्डर यांच्यात ते एका अंशाला काही मायक्रोव्होल्ट असतं, आणि तांब्यावर काळपट थर चढला असेल तर कितीतरी जास्त. मीटर माझ्या बोटांची ऊब मोजून दाखवत होता.

इथपर्यंतची घाई मी एक वेळ स्वतःला माफ करीन. पुढचं करवत नाही.

माझ्या टेबलावर जुनी ट्यूब आहे, लोखंडी चोकची. वायरींचं वेटोळं तिच्या पट्टीला टेकलेलं होतं. टेबल पुसायला मी वायरी उचलून बाजूला केल्या आणि आकड्यांची धावपळ निम्म्याने कमी झाली. दोष मीटरच्या पोटात असता तर वायरी हलवून फरक पडला नसता. हे मला त्या क्षणी कळलं. मी फडकं हातात घेऊन उभा होतो, तेही आठवतं. मग मी वायरी उचलल्या, पुन्हा चोकजवळ नेऊन ठेवल्या, आणि मोबाईलवर चित्रण सुरू केलं.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दोन हजारांवाचून माझं काही अडलं नव्हतं. बाजारातून परत येताना आपण जास्त मोजले असं वाटायला लागलं होतं, आणि हलणाऱ्या आकड्यांनी त्या वाटण्याला आधार दिला. तिथून पुढे मी दोष शोधत नव्हतो, पुरावा गोळा करत होतो. हातात तोच मीटर आणि त्याच वायरी, त्यामुळे काम बदललंय हे मला जाणवलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण जाणवलं होतं.

बुधवारी मी त्या मुलाला ते चित्रण दाखवलं. सोबत त्याला न कळणारे शब्द वापरले. त्याने ते शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल." खिशातून पाचशेच्या चार नोटा काढून दिल्या. घासाघीस केली असती तर मला सोपं गेलं असतं.

खरं कारण दिवाळीनंतर सापडलं. मीटरच्या मागच्या बाजूला बारीक स्विचांची रांग आहे. त्यातला एक ६० हर्ट्झवर होता. असा मीटर व्होल्टेज क्षणभराचं घेत नाही, विजेच्या एका पूर्ण लाटेइतका वेळ साठवून त्याची सरासरी काढतो, म्हणजे लाटेचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना फेडून टाकतात. अमेरिकेत ही लाट १६.७ मिलिसेकंदांची, आपल्याकडे ५० हर्ट्झमुळे २० ची. मीटर तिकडच्या हिशेबाने मोजायचा, आणि आपल्या प्रत्येक लाटेतले तीन-साडेतीन मिलिसेकंद न फिटता आकड्यात उरायचे. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्विच सरकवला, मीटर बंद करून चालू केला. वायरी मुद्दाम चोकजवळ नेल्या. आकडा जागचा हलला नाही.

त्यानंतरही चार महिने मी गप्प राहिलो. त्याने हा किलोच्या भावात घेतला असेल, अडीच हजारांतही त्याला सुटलंच असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. दोघा मित्रांना 'मीटर दुरुस्त केला' म्हणालो. त्यांनी कौतुक केलं ते घेतलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आमच्या विभागात प्रत्येक मीटर त्याच्याहून अचूक यंत्राशी ताडून पाहिला जायचा, ते यंत्र त्याच्याहून अचूक यंत्राशी, आणि ही साखळी वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचायची. त्या मुलाकडे माझा शब्द ताडून पाहायला काही नव्हतं. म्हणून त्याने तो जसाच्या तसा धरला.

चुकीची नोंद खोडायची आमची रीत होती. पांढरी शाई लावायची नाही, एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. काल मी तशी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'दोष मीटरमध्ये नव्हता. लाइनचा स्विच ६० वर होता. चित्रण वायरी मुद्दाम चोकजवळ ठेवून केलं.' तिसरं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रविवारी दोन हजार घेऊन जाणार आहे. तिथे काय बोलायचं ते मनात घोळवतो आहे, आणि दर वेळी 'मीटर चांगला निघाला रे, हे तुझे पैसे' एवढ्यावरच येऊन थांबतो. चोकचं वाक्य गळतं. म्हणून वही सोबत नेणार आहे. ते पान त्याच्यासमोर उघडून वाचीन.