ज्ञान, विद्या आणि जाण

ज्ञानसंकल्पनेचा इतिहास लिहिताना संज्ञा एकच असते, आशय तेवढा पालटतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. मराठीतील दाखले याला छेद देतात. ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) तेराव्या अध्यायात अमानित्व, अदंभित्व, अहिंसा हीच ज्ञानाची लक्षणे होत, तेथे ज्ञान म्हणजे वृत्तीची घडण. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जोतीराव फुले यांना अभिप्रेत असलेली विद्या ही शूद्रातिशूद्रांना नाकारली गेलेली गोष्ट आहे. अमानित्व कोणी कोणाला नाकारू शकत नाही; विद्या नाकारता येते. न्यायाचा प्रश्न म्हणूनच फुल्यांपाशी उभा राहतो.

फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण. ते ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याचे वडूज हे मुख्य ठिकाण. या अवर्षणप्रवण टापूत वाफसा ओळखून पाभर धरणाऱ्या शेतकऱ्यापाशी जे असते, त्याला ‘जाण’ म्हणतात. (आम्ही प्राध्यापक त्याला ‘अनुभव’ म्हणून बाजूला सारतो.) ही जाण कोणी हिरावलेली नाही, ती त्याच्यापाशीच आहे, फक्त ज्ञान म्हणून मोजली जात नाही. हा अन्याय म्हणावा, तर त्याचे वर्णन करायला फुल्यांची ‘विद्या’ अपुरी पडते, आणि ज्ञानेश्वरांचे ‘ज्ञान’ही.